काढणीनंतर दोन दिवसांनी बटाटा आतून काळा पडतो: दरवर्षीच्या तक्रारीचं मूळ कसं शोधावं

शेतातून निघताना बटाटा नितळ असतो. साल शाबूत, रंग चांगला, हातात घेऊन फिरवला तरी ओरखडा दिसत नाही. माल रवाना होतो आणि तिसऱ्या दिवशी घेणाऱ्याकडून निरोप येतो की साल काढल्यावर आत निळसर-काळे डाग निघताहेत. मोठ्या क्षेत्रावर बटाटा घेणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही. एका हंगामात यंत्राचा वेग कमी करून पाहिला जातो, पुढच्या हंगामात चालक बदलतो, त्याच्या पुढच्या वेळी वाणच बदललं जातं. एखादं वर्ष बरं जातं आणि मग पुन्हा तेच.

डाग पडायला दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक म्हणजे बटाट्याला बसलेला मार, आणि दुसरी म्हणजे मार बसला त्या वेळी बटाटा कोणत्या अवस्थेत होता ती. त्याच शेतातला बटाटा, तेवढ्याच उंचीवरून, त्याच लोखंडावर पडला तरी एका दिवशी काही होत नाही आणि दुसऱ्या दिवशी डाग उठतो. मार यंत्र देतं, पण अवस्था काढणीच्या तीन आठवडे आधीपासून ठरत येते. नुसतं यंत्राकडे बघत बसलं तर अर्धाच प्रश्न हाताला लागतो आणि उरलेला अर्धा पुढच्या हंगामात परत दारात उभा राहतो.

आधी डाग कसला आहे ते बघा

"आतून काळा" या तक्रारीत सहा-सात वेगवेगळे दोष एकत्र मोडतात आणि त्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत. म्हणून काहीही बदलण्याआधी तक्रार आलेल्या खेपेतले बटाटे मागवून घ्या. काही सोलून बघा, काही देठाकडून शेंड्याकडे उभे चिरा.

डाग सालीच्या लगेच खाली, काही मिलिमीटर खोलीवर असेल, करडा-निळसर ते काळा असेल, कडा पुसट असतील आणि वरची साल मात्र धड असेल, तर तो मुका मार. हा बहुतेक वेळा देठाकडच्या बाजूला, खांद्यावर सापडतो, कारण त्या भागात शुष्क द्रव्य (पाणी वगळून उरणारा घन भाग) जास्त असतं. आघाताने पेशींची आतली आवरणं फुटतात. एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असलेलं टायरोसिन हे अमिनो आम्ल आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर एकमेकांत मिसळतात, ऑक्सिजनच्या साथीने क्रिया सुरू होते, आधी गुलाबीसर, मग तपकिरी आणि शेवटी काळं मेलॅनिन तयार होतं. याला साधारण २४ ते ४८ तास लागतात. त्यामुळे काढणीच्या दिवशी प्रतवारीच्या पट्ट्यावर कितीही बारकाईने नजर ठेवली तरी हा दोष दिसणारच नाही. वेचणाऱ्या माणसांना त्याबद्दल बोल लावणं अन्यायाचं आहे.

सालीवर बारीक भेगा, तडे किंवा चंद्रकोरीसारख्या चिरा असतील तर तोही माराचाच प्रकार, पण उलट परिस्थितीतला. पाण्याने टच्च फुगलेला आणि थंड बटाटा आपटला की आत काळवंडण्याऐवजी तडकतो. डाग बटाट्याच्या अगदी मधोमध असेल, काळा आणि तीक्ष्ण कडांचा असेल, तर तो ऑक्सिजन कमी पडल्याने होणारा दोष आहे. ढिगात हवा खेळली नाही किंवा उष्णता फार वाढली की तो येतो, काढणी यंत्राशी त्याचा संबंध नाही. मध्यभागी पोकळी असेल तर ताणानंतर पीक एकदम झपाट्याने वाढल्याची ती खूण. गरात विखुरलेले गंजासारखे ठिपके दिसले तर कॅल्शियमची कमतरता आणि उष्ण माती या दिशेने विचार करा. देठापासून आत जाणारं तपकिरी कडं दिसलं तर पाला मारण्याची, म्हणजे काढणीआधी झाडाचा हिरवा भाग कापून किंवा औषधाने वाळवण्याची, वेळ चुकली का ते पाहा (काही रोगांतही असंच कडं दिसतं, त्यामुळे शंका असल्यास नमुना तपासून घ्यावा). आणि बटाट्याची एक बाजू चपटी होऊन त्याखालचा गर काळवंडला असेल, तोही ढिगाच्या तळाकडच्या मालात, तर ते ढिगाच्या दाबाचं काम आहे. साठवणीत आर्द्रता कमी पडून बटाटे मऊ पडले की हे होतं.

इथून पुढचं सगळं मुक्या माराबद्दल आहे, कारण वर्षानुवर्षं परत येणाऱ्या तक्रारींत तोच सगळ्यात चिवट असतो.

मार नेमका कुठे बसतो ते शोधा

माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली हीच सगळ्यात मोलाची पायरी आहे, आणि हीच सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. अंदाजाने यंत्राचा एखादा भाग बदलण्यापेक्षा बटाट्यालाच विचारा.

काढणी चालू असताना पाच ठिकाणांहून नमुने घ्या. पहिला नमुना यंत्राच्या आधीचा: कुदळीने किंवा काट्याने वरंबा हळूच उकलून, हाताने अलगद काढलेले बटाटे. दुसरा यंत्रातल्या पहिल्या साखळीच्या (माती गाळत बटाटे पुढे नेणाऱ्या, गजांच्या फिरत्या पट्ट्याच्या) शेवटाहून, तिसरा यंत्रातून बाहेर पडण्याच्या जागेवरून, चौथा भरलेल्या ट्रॉलीतून, पाचवा गोदामातल्या वाहक पट्ट्याच्या टोकाहून, म्हणजे ढिगावर पडल्यानंतर. प्रत्येक ठिकाणी निदान ५० बटाटे, सगळे साधारण एकाच आकाराचे. साखळीवरून नमुना घेताना यंत्र बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. चालत्या साखळीत हात घालणारा माणूस हात गमावू शकतो, आणि घाईच्या दिवसांत हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

हे नमुने पिशवीत हळूच भरा, नाव आणि जागा लिहा आणि दोन दिवस उबदार खोलीत ठेवा. इतका धीर नसेल तर सुमारे ३५ अंश सेल्सियस उष्णता आणि भरपूर दमटपणा असलेल्या बंद पेटीत रात्रभर ठेवा. उबेत रासायनिक क्रिया वेगाने होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डाग उघडे पडतात. मग सोलाणं घेऊन सगळे बटाटे सोला. पहिल्या एक-दोन फटक्यांत निघून जाणारा डाग वेगळा मोजा, त्याहून खोल गेलेला वेगळा. पाचही नमुन्यांचे आकडे एकाखाली एक लिहा.

आकडा जिथे एकदम उडी मारतो तिथे तुमचा दोषी आहे. अनेकदा तो अपेक्षेपेक्षा वेगळ्याच ठिकाणी निघतो. सगळेजण काढणी यंत्राकडे बोट दाखवत असतात आणि यंत्रातून बाहेर येईपर्यंत आकडा हललेलाच नसतो, खरी उडी गोदामाच्या दारातल्या पट्ट्यावर असते. हाताने काढलेल्या नमुन्यातच डाग सापडले तर तपास शेताकडे न्या, कारण तो दोष यंत्राच्या आधीचा आहे, एक तर मुका मार नाही किंवा वरंब्यावरून चाक गेलेलं आहे. आणि पाचही ठिकाणी थोडी थोडी वाढ दिसली, एकही मोठी उडी नाही, तर यंत्रात कुठेही फार बिघाड नाही. बटाटाच नाजूक अवस्थेत आहे, आणि पुढचे दोन भाग तुमच्यासाठी आहेत.

ज्यांना परवडतं ते बटाट्याच्या आकाराचा, आत आघात मोजणारा संवेदक बसवलेला गोळा यंत्रातून सोडतात. कोणत्या क्षणी किती जोराचा धक्का बसला ते तो नोंदवतो. साधन उत्तम आहे, पण त्याला फक्त मार कळतो, तुमच्या बटाट्याची अवस्था कळत नाही. म्हणून तो गोळा वापरला तरी सोलाणं बाजूला ठेवू नका.

पाला आणि साल

जमिनीखालचा बटाटा हा खोडाचाच फुगलेला भाग आहे. झाड हिरवं असेपर्यंत त्याची साल वाढत्या अंगावरची असते: तिच्या खालच्या थरातल्या पेशी अजून विभागत असतात, त्यांच्या भिंती पातळ असतात आणि बाजूने जोर पडला की त्या फाटून वरचा पापुद्रा सुटतो. झाड मेलं की हा थर विभागणं थांबवतो, भिंती जाड होतात आणि साल गराला घट्ट चिकटते. यालाच साल पक्की होणं म्हणतात, आणि त्याला पाला पूर्ण मेल्यानंतर साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. थंड आणि ओल्या जमिनीत जास्त.

यात फसगत होते ती "पूर्ण मेल्यानंतर" या शब्दांपाशी. पाला कापला किंवा औषध मारलं त्या दिवसापासून दिवस मोजले जातात. पण जोमदार पिकाची खोडं आठवडाभर हिरवीच राहतात, कधी कधी बुंध्याशी नवे फुटवे येतात. वरून शेत वाळलेलं दिसतं आणि खाली बटाट्याला अन्न पोचतच असतं. खोड मधोमध मोडून बघा. आत ओल आणि हिरवेपणा असेल तर अजून दिवस मोजायला सुरुवात झालेली नाही.

साल पक्की झाली की नाही हे ठरवायला अंगठा पुरतो. बटाटा धुवायचा नाही, फक्त माती झटकायची. अंगठा सालीवर घट्ट दाबून बाजूला सरकवायचा, देठाकडे एकदा, मध्यावर एकदा आणि शेंड्याकडे एकदा. शेंड्याकडची साल सगळ्यात शेवटी पक्की होते, त्यामुळे खरा निकाल तिथला. पापुद्रा गोळा होऊन सुटला तर थांबा. शेताच्या एका कोपऱ्यातले चार बटाटे बघून निर्णय घेऊ नका. सखल भाग, पाणी जास्त बसणारा भाग आणि खत दाट पडलेला भाग उशिरा तयार होतात.

कच्च्या सालीचा मुक्या माराशी थेट संबंध तिने गमावलेल्या पाण्यातून येतो. सुटलेल्या सालीतून बटाटा झपाट्याने पाणी सोडतो, मऊ पडतो, आणि मऊ पडलेला बटाटा गोदामाच्या पट्ट्यावर पोचेपर्यंत मुक्या माराला आयता सापडतो. वर रोगांना दार उघडं मिळतं ते वेगळंच.

पाला मारताना एक पथ्य मात्र पाळाच. जमीन कोरडी ठाक आहे, ऊन कडक आहे आणि पीक तहानलेलं आहे अशा दिवशी पाला एकदम जाळू नका. देठाकडून आत तपकिरी कडं धरण्याचं ते ठरलेलं कारण आहे. आधी हलकं पाणी द्या, मग पाला मारा. पात्यांच्या यंत्राने पाला छाटत असाल तर खोडाचे १५ ते २० सेंटिमीटर बुंधे राहू द्या म्हणजे नंतरच्या औषधाला बसायला जागा राहते आणि पाती वरंब्याला लागून बटाटे उघडे पडत नाहीत. उघड्या पडलेल्या बटाट्यावर ऊन आलं की तो हिरवा होतो, सोलॅनिनसारखी कडू द्रव्यं वाढतात, आणि तो माल खाण्यासाठी विकता येत नाही.

उशिराचा करपा हा रोग शेतात असेल तर पाला मरण्याची वाट पाहणं आणखी महत्त्वाचं ठरतं. हिरव्या पानांवरचे बीजाणू काढणीच्या वेळी ताज्या ओरखड्यांत जाऊन बसतात आणि सड साठवणीत उघडी पडते. पण "जितकं जास्त थांबू तितकं बरं" हेही खरं नाही. साल पक्की झाल्यावर माल जमिनीत ठेवत गेलं की त्यावर काळी खपली वाढत जाते आणि हवामानाचा धोका रोज वाढतो. पक्की झाली की काढा.

एवढं करूनही साल दरवर्षी उशिराच पक्की होत असेल तर नत्राचा हिशेब काढा. हंगामाच्या उत्तरार्धात दिलेलं नत्र पीक हिरवं ठेवतं, आणि काढणीच्या तारखेला तुमच्या हातात अर्धवट वयाचा बटाटा येतो. तो तुम्ही कितीही सांभाळून काढा, सोलवटणारच.

वाफसा आणि गराचं तापमान

कोरड्या जमिनीतला बटाटा थोडा पाणी सोडून बसलेला असतो. त्याच्या पेशी ढिल्या असतात, धक्का बसला की गर आत दबतो आणि काळवंडतो. फार ओल्या जमिनीतला बटाटा टच्च असतो, तो तडकतो, शिवाय माती चिकटून येते, त्वचेवरची श्वासरंध्रं फुगून पांढरी पुळीसारखी दिसतात आणि त्यातून सड शिरते. म्हणून मधली स्थिती, म्हणजे वाफसा, हवा: जमिनीत पिकाला उपलब्ध होणाऱ्या पाण्यापैकी साधारण ६० ते ६५ टक्के ओल. वरंब्यातल्या बटाट्यांच्या पातळीवरची मूठभर माती घेऊन दाबा. गोळा व्हावा, आणि बोटाने हलकं टोचलं की फुटावा. गोळाच होत नसेल तर काढणीच्या काही दिवस आधी हलकं पाणी द्या. ओलीचा दुसरा फायदा यंत्रावर दिसतो. कोरड्या चिकण मातीची ढेकळं साखळीवर बटाट्यांबरोबर नाचतात आणि दगडाइतकाच मार देतात. ओलसर माती मात्र साखळीवर पसरून बटाट्यांना गादीसारखी झेलते.

तापमानाबाबत बहुतेक ठिकाणी हवेचं तापमान पाहिलं जातं आणि बटाट्याचं पाहिलंच जात नाही. टोकदार दांड्याचा तापमापक बटाट्याच्या गरात खुपसून वाचा. काढणीसाठी १० ते १६ अंश सेल्सियस उत्तम. ७-८ अंशांच्या खाली गेलं तर काम थांबवा, त्या थंडीत साधा धक्काही महागात पडतो. १८-२० अंशांच्या वर गेलं तर मुका मार कमी होईल, पण गरम माल ढिगात गेला की सडीला आमंत्रण मिळतं. थंड हवेत सकाळी लवकर सुरू करण्याचा हट्ट इथे नडतो: सूर्य वर येऊन हवा उबदार झाली तरी वरंब्याच्या पोटातला बटाटा कितीतरी उशिरा तापतो. उष्ण हवेत नेमकं उलट, पहाटेची वेळ साधायची आणि दुपारी थांबायचं. एकाच दिवसात काही ट्रॉल्या चांगल्या आणि काही वाईट निघत असतील तर प्रत्येक ट्रॉलीवर भरल्याची वेळ आणि गराचं तापमान लिहायला लागा. कोड्याचं उत्तर बहुतेक वेळा त्या दोन आकड्यांतच सापडतं.

यंत्र: हळू चालवल्याने मार वाढतो

तक्रार आली की पहिला हुकूम सुटतो, "यंत्र हळू चालवा." ट्रॅक्टर हळू चालतो, पण साखळ्या मात्र आधीच्याच वेगाने फिरत राहतात. परिणाम असा की साखळीवर माती आणि बटाटे विरळ होतात, गज उघडे पडतात, आणि प्रत्येक बटाट्याला उड्या मारायला मोकळी जागा मिळते. भरलेल्या साखळीवर बटाटे एकमेकांना आणि मातीला टेकून पुढे सरकतात, आणि त्यांना मार कमी बसतो.

यंत्राच्या बाजूने थोडा वेळ चालत जा आणि पहिल्या साखळीकडे बघा. तिच्या लांबीच्या बऱ्याचशा भागावर मातीचा थर बटाट्यांसोबत वर चढताना दिसायला हवा आणि साखळीच्या अगदी शेवटाशी तो गळून संपायला हवा. चकचकीत गज पहिल्या निम्म्या लांबीतच दिसू लागले, किंवा बटाटे टपटप उडताना ऐकू आले, तर साखळी पिकाच्या मानाने वेगाने फिरते आहे. पहिल्या साखळीचा वेग यंत्राच्या पुढे जाण्याच्या वेगाइतका किंवा किंचित जास्त असावा. पुढच्या साखळ्या त्याहून हळू, अर्ध्या ते दोन तृतीयांश वेगाने, कारण तिथे माती गळून गेलेली असते आणि साखळी भरलेली ठेवायची तर बटाटे दाटीवाटीने यायला हवेत. म्हणून आधी साखळ्यांचा वेग कमी करा. तरीही गज उघडेच राहत असतील तर पुढे जाण्याचा वेग वाढवा. हे चालकाला उलटं वाटतं, पण नमुने सोलून दाखवले की पटतं.

साखळीखाली हलवणारे गोळे किंवा दांडे असतात, माती पाडण्यासाठी. वाफसा साधला असेल तर त्यांची गरज फार थोडी पडते. बरेचदा शेताच्या ओल्या भागासाठी ते लावले जातात आणि पुढच्या कोरड्या शेतातही तसेच राहून जातात. रोज सकाळी, शेत बदललं की, आणि दुपारी माती सुकू लागली की हे हलवणं कमी करता येईल का ते बघा.

फाळाची खोली हा दुसरा मुद्दा. फाळ उथळ असेल तर बटाटे कापले जातात आणि साखळीवर माती पुरत नाही. फार खोल असेल तर यंत्र माती वाहत बसतं आणि ती झटकण्यासाठी जास्त हलवावं लागतं. सगळ्यात खालच्या बटाट्याच्या जरासं खाली एवढंच पुरतं. फाळाची मागची कड आणि साखळीची सुरुवात यांच्यामध्ये फट किंवा पायरी असेल तर प्रत्येक बटाट्याचं तोंड साखळीच्या टोकाला आपटतं. ही जागा मातीने झाकलेली असल्यामुळे नजरेत येत नाही. यंत्र आणि इंजिन बंद करून, माती काढून, हात फिरवून बघा.

ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटी साखळी रिकामी असते, आणि त्या टप्प्यातले बटाटे सगळ्यात जास्त आपटतात. ओळ संपत आली की साखळ्या पूर्ण रिकाम्या होईपर्यंत फिरवत न ठेवता थांबवा, वळा आणि पुढच्या ओळीत माती आत येऊ लागल्यावर सुरू करा. लहान लांबीच्या शेतात नुसत्या एवढ्या सवयीने फरक पडतो.

मग उंची. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर, पट्ट्यावरून ट्रॉलीत, ट्रॉलीतून पुढे: कुठेही बटाटा १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडू नये, आणि पडला तर लोखंडावर पडू नये. गजांवरची रबरी आवरणं झिजली की आतलं लोखंड डोकावतं. बाजूच्या पत्र्यांवरचे फोम फाटतात, बोल्टची डोकी बाहेर येतात. हंगाम सुरू होण्याआधी हे सगळं बदलून होतं, पण हंगामाच्या मध्यावर कोणी पुन्हा पाहत नाही, आणि खराब माल बहुतेक त्याच काळात निघतो.

ट्रॉलीपासून ढिगापर्यंत

रिकाम्या ट्रॉलीत पडणारे पहिले बटाटे थेट फळीवर आपटतात. तळाला रबरी चटई घाला आणि यंत्राचा भरणीचा हात (ट्रॉलीत माल सोडणारा पट्टा) अगदी खाली आणून सुरुवात करा, थर चढेल तसा वर घ्या. एका जागी उंच शंकू झाला की बटाटे उतारावरून घरंगळतात, म्हणून हात सरकवत भरा. ट्रॉलीत बटाट्यांवर उभं राहून सपाटी करणं बंद करा. वाहतूक लांब असेल तर वरून झाकण हवंच, ऊन आणि वारा या दोन्हींमुळे वरचा थर काही तासांत पाणी सोडतो.

गोदामातल्या पट्ट्यांनाही यंत्राचाच नियम लागू: पट्टे भरलेले आणि हळू. ट्रॉली थांबून थांबून रिकामी केली की पट्टे अर्धे मोकळे चालतात. ढिगावर सोडणारा शेवटचा पट्टा ढिगाच्या माथ्याला जवळजवळ टेकलेला असावा, आणि ढीग पायऱ्या-पायऱ्यांनी रचावा, म्हणजे उतार लांब होत नाही. माती आणि ढेकळं आत जाऊ देऊ नका. ती ढिगात बुजून बसतात, हवेचा मार्ग अडवतात आणि त्या कप्प्यात उष्णता साचते.

जखमा भरायला वेळ द्या

मुका मार भरून येत नाही. मात्र त्याच वेळी लागलेले ओरखडे, तडे आणि सोलवटलेली साल भरून येऊ शकते, आणि ती भरली नाही तर बटाटा पाणी सोडत राहतो, मऊ पडतो आणि पुढच्या हाताळणीत नवा मार खातो. म्हणून ढीग लागल्याबरोबर थंड करायची घाई नको. साधारण दोन आठवडे १० ते १५ अंश सेल्सियस आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता ठेवा, हवा खेळती पण बटाट्यांवर पाणी साचणार नाही अशी. पाण्याचा पातळ थर जरी बसला तरी आत ऑक्सिजन पोचत नाही आणि मऊ सडीचे जिवाणू जोर धरतात. माल सडका किंवा करपा लागलेला आला असेल तर हा काळ तोडून आधी कोरडं करणं आणि थंड करणं भाग आहे, तिथे जखमांपेक्षा सड मोठी.

त्यानंतर रोज अर्ध्या अंशाच्या आसपास उतरवत न्या. बियाण्यासाठी ३ ते ४ अंश, खाण्याच्या बटाट्यासाठी ४ ते ७, आणि तळून विकल्या जाणाऱ्या मालासाठी ८ ते १०. तळणीच्या मालात याहून खाली गेलं तर स्टार्चची साखर होते आणि वेफर तळताना करपट तपकिरी होतात. घेणाऱ्याची "काळा पडतो" ही तक्रार तळल्यानंतरची असेल तर ती मुक्या माराची नाही, साठवणीच्या तापमानाची आहे. हा फरक सुरुवातीलाच विचारून घ्या.

एवढं करूनही डाग येत असेल तर

पालाशचा, म्हणजे पोटॅशचा, विचार करा. पालाश कमी पडलेल्या पिकात मुका मार जास्त दिसतो. माती आणि पानांच्या देठाची तपासणी करून कमतरता असेल तरच मात्रा वाढवा. गरजेपेक्षा जास्त पालाश, त्यातही क्लोराइडच्या रूपातलं, शुष्क द्रव्य खाली आणतं, आणि प्रक्रियेसाठी विकणाऱ्याला ते परवडत नाही. इथे सल्फेटचा पर्याय बरा, महाग असला तरी. कॅल्शियमबाबत एवढंच की ते पानांवर फवारून बटाट्यापर्यंत पोचत नाही. बटाटा ते आपल्या आसपासच्या बारीक मुळांनी घेतो, तेव्हा ते वरंब्यातच द्यावं लागतं.

वाण बदलणं शेवटी. जास्त शुष्क द्रव्याची वाणं मुक्या माराला जास्त बळी पडतात हे खरं, पण घेणाऱ्याला नेमकी तीच हवी असतात. अशा वाणासाठी वाफसा आणि तापमानाच्या मर्यादा अधिक कडक पाळायच्या, आणि जी शेतं सगळ्यात आधी सुकतात ती सगळ्यात आधी काढायची.

आणि साठवलेला माल बाहेर काढताना काढणीचे सगळे नियम पुन्हा लागू होतात. ४ अंशांवरचा बटाटा तसाच प्रतवारीच्या पट्ट्यावर टाकला तर शेतातून सांभाळून आणलेला माल शेवटच्या दिवशी काळा होतो. हाताळणीच्या काही दिवस आधी ढिगाचं तापमान हळूहळू १० अंशांच्या आसपास आणा. बाहेरची उबदार दमट हवा एकदम आत सोडू नका, थंड बटाट्यांवर दव धरतं. गराचं तापमान तापमापकाने ढिगाच्या वरच्या थरात नाही, खोलात बघा, आणि ते पोचलं की मगच पट्टा सुरू करा.